इंदूरहून हॅवलॉक: डाइव्हची आखणी परतीच्या विमानापासून

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या स्कूबा डाइव्हची, म्हणजे हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याची, आखणी मी उलटी करते. आधी इंदूरला परतायचं विमान, त्यावरून शेवटची डाइव्ह, त्यावरून पहिली. पाण्याखाली दाबामुळे रक्तात आणि स्नायूंत नायट्रोजन मुरतो आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 2,400 मीटर उंचीइतका विरळ असतो. मुरलेला वायू पुरता निघालेला नसेल, तर तिथे त्याचे बुडबुडे होतात. एकाच साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर 18 तास थांबायचं, हा नियम. मी पूर्ण 24 तास धरते. बोट रद्द झाली किंवा विमानाची वेळ पुढेमागे झाली, तरी त्यात हिशेब बसतो.

गाडीने मालवणला जाणाऱ्या इंदूरकरांना विमान नाही म्हणून सूट मिळत नाही. आंबोलीचा घाट चढलात की तुम्ही जवळपास 700 मीटरवर असता, आणि इंदूरच साडेपाचशे मीटरवर आहे. शेवटच्या डाइव्हनंतर ओल्या कपड्यांनिशी थेट घाटाला लागू नका, रात्र किनाऱ्यावर काढा.

तारखांसाठी मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याची ओढ वाढते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, तेव्हा ओढ सर्वांत कमी, आणि हा परिणाम तिथीनंतर एकदोन दिवस रेंगाळतो. म्हणून रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, आटोपली की षष्ठीला इंदूर सोडायचं. वाटेत विमान बदलून पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, आणि सप्तमीला बोटीने हॅवलॉक. 2018 पासून या बेटाचं अधिकृत नाव स्वराज द्वीप आहे, पण डाइव्हवाले अजून हॅवलॉकच म्हणतात. अष्टमी, नवमी, दशमी पाण्यात. एकादशीला बोटीने परत, द्वादशीला विमान. बोटीचं आणि विमानाचं तिकीट एकाच दिवसाचं काढायचं नाही. समुद्र खवळला की आधी बोटीच रद्द होतात.

वैद्यकीय फॉर्म इंदूरलाच भरून घ्यावा. त्यात दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार, नियमित औषधं असे प्रश्न असतात. एकाही बाबतीत 'हो' आलं की डॉक्टरांची सही लागते, आणि ती बेटावर ऐन वेळी मिळवणं कठीण. बहुतेक डॉक्टरांचा डाइव्हिंगशी संबंध आलेला नसतो, म्हणून फॉर्मसोबतची डॉक्टरांसाठीची मार्गदर्शक पानंही छापून न्यावीत. प्रवास विमा घेताना त्यात डाइव्हिंग धरलंय का आणि किती खोलीपर्यंत, हे वाचूनच पैसे भरावेत.

आता हवेचा हिशेब. माझ्या मते आखणीचा गाभा हाच, आणि बहुतेक जण तो बोटीवरच्या गाइडवर सोपवतात.

पाण्यात दर 10 मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. 18 मीटरवर तो पृष्ठभागाच्या 2.8 पट असतो. माझा श्वास पृष्ठभागावर मिनिटाला 18 लिटर, म्हणजे तिथे 50 लिटर. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचं आकारमान 11.1 लिटर. तो 200 बारपर्यंत भरला (एक बार म्हणजे साधारण एक वातावरणाइतका दाब) तर त्यात सुमारे 2,220 लिटर हवा मावते.

'50 बार उरले की वर या' असं सगळीकडे सांगतात. पण 18 मीटरवर जोडीदाराची हवा संपली आणि दोघांना एकाच सिलिंडरवर वर यावं लागलं तर? घाबरलेला माणूस मिनिटाला 30 लिटर ओढतो, दोघांचे 60. खाली सावरायला एक मिनिट: 168 लिटर. मिनिटाला 9 मीटर वेगाने वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब 1.9: 228 लिटर. 5 मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे नायट्रोजन निघायला घेतलेला खबरदारीचा थांबा: 270 लिटर. एकूण 666 लिटर, म्हणजे 60 बार. नुसते 50 बार इथेच कमी पडतात. मी 70 ला निघते. सगळं सुरळीत असेल तर पृष्ठभागावर 55 च्या आसपास बार उरतात.

म्हणजे वापरायला 130 बार, 18 मीटरवर सुमारे 28 मिनिटं. हे भरलेल्या 200 बारवर. सिलिंडर भरताना तापतो आणि निवल्यावर दाब उतरतो. बोटीवर काटा 185 दाखवत असेल तर 25 मिनिटंच मिळतात. म्हणून काटा बोटीवर स्वतः वाचायचा, आणि रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या श्वासाच्या साधनातून, श्वास घेताना तो हलतोय का तेही बघायचं. श्वासागणिक काटा खाली-वर होत असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. जोडीत ज्याचा श्वास मोठा, त्याच्या आकड्यावर आखणी करायची.

18 मीटरवर साध्या हवेने विनाथांबा मर्यादा, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न लागता खाली राहता येईल इतका वेळ, एका प्रचलित तक्त्यात 56 मिनिटं आहे. पहिल्या डाइव्हला हवा त्याआधीच संपते. दुसऱ्या डाइव्हला मात्र आधीचा नायट्रोजन शिल्लक असतो. त्यामुळे एका दिवसात खोल डाइव्ह आधी, उथळ नंतर, आणि मध्ये किमान तासभर बोटीवर. पहिल्या दिवशी मी नेमो रीफसारखी उथळ जागाच घेते, मग लाइटहाउस. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज ॲडव्हान्स्ड प्रशिक्षण झालेल्यांसाठी. ओपन वॉटर हा पहिला कोर्स केलेल्यांची हद्द 18 मीटरच.

खाली राहण्यासाठी कमरेला बांधायच्या शिशाच्या वजनाची चूक हमखास होते. इंदूरच्या तरणतलावात 4 किलो पुरलं, तरी समुद्रात पुरणार नाही. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. माणूस आणि साहित्य मिळून 80 किलो असेल तर 2 किलो वाढवावे लागतात. शिवाय 200 वरून 50 बारवर येईपर्यंत सिलिंडरमधली सुमारे 2 किलो हवा संपते आणि तो वर तरंगायला बघतो. वजन कमी पडलं तर 5 मीटरवर थांबता येत नाही. त्यामुळे वजनाची चाचणी सिलिंडर 50 बारवर आल्यावर घ्यायची.

वजन जास्त झालं तर माणूस खाली घासतो, आणि खाली प्रवाळ असतात. ते जिवंत आहेत. पायातल्या एका फिनचा फटका बसला तर कित्येक वर्षांची वाढ मोडते, आणि पाणी तापून रंग उडण्याचं संकट त्यांच्यावर आधीच आहे. मी रीफपासून किमान एक मीटर वर राहते आणि हातमोजे घालत नाही, म्हणजे कशाला धरावंसंच वाटत नाही. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही उचलू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत.

कान पृष्ठभागापासूनच मोकळे करत जायचं, दर मीटरला. पहिल्या 10 मीटरमध्येच हवेचं आकारमान निम्मं होतं, कान तिथेच दुखतो. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही, औषध घेऊनही नाही. औषधाचा असर पाण्यात असतानाच उतरला तर वर येताना हवा कानात अडकते.

वर आल्यावर वहीत चार आकडे लिहायचे: सुरुवातीचे बार, शेवटचे बार, सरासरी खोली, मिनिटं. उदाहरणार्थ 185 ते 60, 11 मीटर, 38 मिनिटं. 125 गुणिले 11.1 म्हणजे 1,388 लिटर. त्याला 38 गुणिले 2.1 (11 मीटरवरचा दाब) ने भागलं की मिनिटाला 17.4 लिटर येतात. असे पाचसहा आकडे जमेपर्यंत मी आखणीत 18 च धरते.