डक्सफर्डचं हिरवं पेट्रोल

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटवरून ट्रेनने व्हिटल्सफर्ड पार्कवेला उतरलो आणि डक्सफर्डच्या विमान संग्रहालयापर्यंत चालत गेलो. तासाभराची तंगडतोड, पण ऊन चांगलं होतं. 1938 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सची पहिली स्पिटफायर, म्हणजे त्यांचं गाजलेलं लढाऊ विमान, याच धावपट्टीवर, 19 नंबरच्या स्क्वाड्रनकडे आली.

मला मात्र विमानापेक्षा त्याच्या नाकातलं मर्लिन इंजिन बघायचं होतं. बारा सिलिंडर, 27 लिटर. मागे सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून आत कोंबणारा पंखा. या दाबालाच बूस्ट म्हणायचं. 87 ऑक्टेनच्या पेट्रोलवर (ऑक्टेन म्हणजे दाब सोसायची पेट्रोलची ताकद) मर्यादा होती +6¼ पौंड, म्हणजे बाहेरच्या नेहमीच्या हवेच्या दाबाहून दर चौरस इंचाला तेवढा जास्त. त्याहून जास्त दाबलं तर मिश्रण इतकं तापतं, की ज्योत पोचायच्या आधीच त्याचा भडका उडतो. घाटात टॉप गियरला पिळलेली बाईक खडखडते ना, ते नॉकिंग. फरक इतकाच, की इथे पिस्टनच वितळायचा.

1940 मध्ये लढाऊ विमानांना 100 ऑक्टेन मिळू लागलं, हिरव्या रंगाचं. मर्यादा एकदम +12 वर गेली. आपल्याकडे पंपावर महागडं पेट्रोल भरून गाडी पळेल अशी आशा करणारे खूप आहेत (मीही त्यातलाच होतो). पण ताकद पेट्रोलात नव्हतीच, त्यात फक्त सोसण्याची तयारी होती. खालच्या दाट हवेत सुपरचार्जरकडे जोर शिल्लक असायचा. इंजिन फुटू नये म्हणून थ्रॉटल अर्धवट मिटून ठेवलेला असे. नव्या पेट्रोलमुळे तो उघडता आला. 16,250 फुटांवर 1,030 अश्वशक्ती देणारं तेच इंजिन 9,000 फुटांवर 1,310 देऊ लागलं. मात्र 16-17 हजार फुटांच्या वर काडीचा फायदा नाही, कारण तिथे दाबायला हवाच विरळ. आणि ही चैन फक्त पाच मिनिटांची. वैमानिकाने बूस्टची मर्यादा उठवणारा लाल खटका सरकवायचा आणि उतरल्यावर तशी नोंद करायची.

1944 मध्ये 150 ग्रेडचं, त्याहूनही सोशिक पेट्रोल आलं. जर्मनीचे व्ही-1 उडते बॉम्ब गाठण्यासाठी मर्लिन 66 ला, म्हणजे त्याच इंजिनाच्या पुढच्या आवृत्तीला, +25 पर्यंत पिळलं.

दुपारी एक दोन आसनी स्पिटफायर उडाली. कुंपणाशी उभे आम्ही सगळे गप्प. आता या विमानांत 100एलएल, म्हणजे कमी शिशाचं 100 ऑक्टेन पेट्रोल भरतात. ते निळं असतं.