ट्रॉपिकल मेडिसिन शिकायला निघालात? आधी स्लाइडवर हात बसवा

एमबीबीएस करून परदेशी ट्रॉपिकल मेडिसिन (उष्ण प्रदेशांतल्या रोगांचं शास्त्र) शिकायला जाणाऱ्यांना वाटतं, मलेरिया, डेंगी, टायफॉइड आपण वॉर्डात रोज पाहिलेत, तिथे नवीन काय शिकवणार? उपचारांपुरतं ते बरंचसं खरंही आहे. दमछाक होते ती मायक्रोस्कोपपाशी आणि नंतर प्रबंधाच्या परवानग्यांपाशी.

संस्था निवडताना नावावर जाऊ नका. लिव्हरपूलची संस्था 1898ची, लंडनची 1899ची. दोन्ही साम्राज्याच्या गरजेतून उभ्या राहिल्या. सिकंदराबादला 1897मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी शोधणारे रोनाल्ड रॉस पुढे लिव्हरपूललाच शिकवत होते. तिथला आणि लंडनचा डीटीएमएच (ट्रॉपिकल मेडिसिन आणि हायजीनचा डिप्लोमा) डॉक्टरांसाठी, सुमारे तीन महिन्यांचा. एमएससी साधारण वर्षाची. बँकॉकच्या महिडोल विद्यापीठातली फॅकल्टी 1960ची, आणि तिचं स्वतःचं ट्रॉपिकल रोगांचं रुग्णालय आहे. रुग्ण बघायचे असतील तर माझा कौल बँकॉकला.

आता मायक्रोस्कोप. मलेरियासाठी एकाच स्लाइडवर जाड आणि पातळ असे दोन स्मिअर, म्हणजे रक्ताचे पसरलेले थर, करतात. जाडसाठी सुमारे 6 मायक्रोलिटर रक्त, 12 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात पसरलेलं. पातळसाठी 2 मायक्रोलिटर. पातळ स्मिअर मिथेनॉलने फिक्स करायचा (पेशी काचेवर पक्क्या बसवायच्या), जाड अजिबात नाही. जाड स्मिअरमधल्या तांबड्या पेशी पाण्यात फुटून वाहून जायला हव्यात, तरच परजीवी मोकळे दिसतात. मिथेनॉलचा ओघळ किंवा नुसती वाफही तिकडे गेली की पेशी जागच्या जागी फिक्स होतात आणि सगळा गडद डाग उरतो. म्हणून स्लाइड तिरकी, जाड स्मिअर वरच्या बाजूला. तो नीट वाळला नसेल तर रंगवताना धुऊन जातो. लवकर वाळावा म्हणून गरम केला तर आपोआप फिक्स होतो. घाई दोन्हीकडून महागात पडते.

गिम्सा (परजीवी दिसावेत म्हणून वापरायचा रंग) 10 टक्के असेल तर 10 ते 15 मिनिटं, 3 टक्के असेल तर 45 ते 60. पण आपल्याकडून गेलेल्यांची खरी चूक बफरमध्ये, म्हणजे रंग पातळ करायच्या ठरावीक पीएचच्या पाण्यात, होते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लेशमन या रंगासाठी 6.8 पीएचची सवय असते, मलेरियासाठी 7.2 लागतो. 6.8वर शुफ्नरचे ठिपके (बाधित तांबड्या पेशीवरचे बारीक ठिपके) नीट उमटत नाहीत आणि मलेरियाचा व्हायवॅक्स हा प्रकार ओळखण्याची मोठी खूण हातची जाते. मग मोठी झालेली तांबडी पेशी आणि परजीवीचा वेडावाकडा आकार एवढ्यावरच भिस्त राहते.

मोजणी जाड स्मिअरवर. 200 पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत परजीवी 100 किंवा जास्त आले तर थांबा, कमी आले तर 500 पेशींपर्यंत जा. परजीवींची संख्या गुणिले 8000, भागिले मोजलेल्या पांढऱ्या पेशी. 200 पेशींमागे 150 परजीवी म्हणजे मायक्रोलिटरला 6000. यातले 8000 म्हणजे मायक्रोलिटरमागे गृहीत धरलेल्या पांढऱ्या पेशी. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी प्रत्यक्षात 4000 असतील तर उत्तर दुप्पट फुगतं. म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हाताशी असेल तर तोच आकडा घ्या. आणि ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या सर्वांत मोठ्या भिंगाखाली) निदान 100 फील्ड पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहू नका.

शौचाच्या तपासणीत काटो-काट्झ, म्हणजे जंतांची अंडी मोजण्याची पद्धत, येणारच. साच्यात 41.7 मिलिग्रॅम नमुना मावतो, म्हणून अंड्यांची संख्या गुणिले 24 म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. या पद्धतीत वापरल्या जाणाऱ्या ग्लिसरीनमुळे हुकवर्मची (आकडेकृमीची) अंडी पारदर्शक होत नाहीशी होतात; ती 30 ते 60 मिनिटांच्या आत वाचली नाहीत तर स्लाइड खोटं बोलते. गोल जंत आणि शिस्टोसोमा या परजीवी कृमीची अंडी मात्र नंतरही दिसतात.

शिस्टोसोमा आपल्या मुलांना फक्त एमसीक्यूपुरता माहीत असतो. खरं तर लघवीतल्या शिस्टोसोमियासिसचं भारतातलं गाजलेलं ठिकाण आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी, 1950च्या दशकात नोंदलेलं. शिस्टोसोमाच्या दोन जातींपैकी हिमॅटोबियमच्या (लघवीत सापडणाऱ्या) अंड्याचा काटा टोकाला, मॅन्सोनीच्या (शौचात सापडणाऱ्या) अंड्याचा बाजूला. हिमॅटोबियमसाठी लघवीचा नमुना सकाळी 10 ते दुपारी 2च्या दरम्यानचा घ्यायचा, कारण अंडी तेव्हा जास्त पडतात.

प्रबंधाचं गणित वेगळंच. एमएससीत त्याला हाती जेमतेम तीन-चार महिने येतात. भारतात येऊन नमुने गोळा करायचे तर विद्यापीठाची नैतिक समिती, इथल्या संस्थेची समिती, आणि परदेशी सहकार्य किंवा पैसा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता. नमुने बाहेर न्यायचे असतील तर आणखी कागद. एवढं सगळं त्या मुदतीत बसवण्याचा हट्ट धरू नये. आधीच गोळा झालेला, ओळख पुसलेला डेटा मागा, नाहीतर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (आधी छापलेल्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) करा. त्यात कमीपणा काही नाही.

ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त जाणार असाल तर व्हिसासाठी टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. स्टुडंट व्हिसासाठी बँकेतली रक्कम सलग 28 दिवस ठरलेल्या आकड्याखाली जाता कामा नये. एका दिवसाचा खड्डाही अर्ज अडवतो, म्हणून त्या खात्यावरून ईएमआय ठेवू नका.

फील्डवर्क युगांडा किंवा घानात असेल तर यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्या. लसीचं प्रमाणपत्र असलेलं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, सुटकेसमध्ये नको. तिथून थेट भारतात उतरलात आणि कार्ड नसलं तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं.