चिंगी आणि खंड्या : दारापासून किती लाद्या?

आमच्या मांजरीला, चिंगीला, घरी येऊन जेमतेम सात आठवडे झाले होते, तेवढ्यात पार्किंगमध्ये खंड्या सापडला. पाचेक महिन्यांचा केशरी बोका, नाक गळतंय, पोट जंतांनी फुगलेलं. चिंगी साधारण तीन वर्षांची, डाव्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी आधीच झालेली. रस्त्यावर वाढली आहे, इतर मांजरांची सवय असेल, असं मी धरून चाललो. पण रस्त्यावर तिला पळायला जागा होती. घरात तिची हक्काची म्हणावी अशी जागा अजून ठरतच होती.

दिवस १ ते १४. खंड्या बंद खोलीत. यात मी अजिबात तडजोड केली नाही. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य आजाराचा विषाणू फरशीवर, कपड्यांवर वर्षभरही तग धरतो. फिनेल मांजरांना विषारी, म्हणून पाण्यात ब्लीच घालून लादी पुसायची, वाळली की परत साध्या पाण्यानं. त्याच्या खोलीत जाताना वेगळा टीशर्ट. एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू) आणि मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची रक्ततपासणी चांगली आली, जंताचं औषध दोनदा झालं, पहिली लसही झाली.

दिवस १५. जुना मोजा खंड्याच्या गालांवर चोळून चिंगीच्या ताटलीपासून हातभर अंतरावर ठेवला. तिनं हुंगला, तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर थबकली, फिस्कारली आणि निघून गेली. बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचं जेवण सुरू केलं. चिंगीची ताटली दारापासून सहा लाद्यांवर (आमची लादी दोन फुटी). ती निवांत जेवली तरच दुसऱ्या दिवशी एक लादी पुढे.

दिवस २१. ताटली दोन लाद्यांवर आली होती. मला धीर धरवला नाही, ‘एक मिनिटच’ म्हणून दार उघडलं. खंड्या खेळायला मिळालं म्हणून थेट तिच्या अंगावर धावला. चिंगीची शेपटी फुलली, कान मागे चपटे झाले, एक सणसणीत पंजा बसला आणि ती दिवाणाखाली गेली. रात्री पायपुसण्यावर मुतली. जेवण बंद. मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साठायचा धोका असतो, त्यामुळे डॉक्टरांना फोन केला. सव्वीस तासांनी तिनं चिकनचं पाणी चाटलं (मीठ, कांदा, लसूण काहीही नाही). तिचा विश्वास मी मोडला होता, याचं फार वाईट वाटलं. ताटली परत सहा लाद्यांवर.

वास ओळखीचा झाला तरी समोर दिसणं ही वेगळी पायरी आहे, हे तेव्हा कळलं. सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली, तिला लोखंडी जाळी. नायलॉनची नखांपुढे टिकत नाही. जाळीवर चादर, कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली. रोज चार बोटं वर.

दिवस २९. चादरीखालून खंड्याचे पुढचे दोन पंजे दिसले. चिंगीचं चावणं थांबलं. मिशा पुढे आल्या. मी मनात आकडे मोजत होतो, सहापर्यंत पोचलो आणि परत चपचप सुरू झाली. त्या आवाजानं इतका आनंद झाला!

दिवस ३४. चादर पूर्ण काढली. फिस्कारण्याला मी आता घाबरत नाही, ती ‘लांब राहा’ एवढंच सांगते. न हलता, डोळे न मिचकावता रोखून पाहणं मात्र लगेच मोडावं लागतं. मी कागदाचा बोळा बाजूला भिरकावतो.

दिवस ३८, आज. ताटल्या जाळीपासून अर्ध्या लादीवर. शी-शूच्या मातीचे ट्रे तीन, तीन वेगळ्या जागी. सकाळी जाळीतून नाकाला नाक लागलं, आणि चिंगी तिथेच बसून पंजा चाटायला लागली.

पुढच्या आठवड्यात खंड्याची नसबंदी आहे. परत येईल तो दवाखान्याचा वास घेऊन, आणि तिला तो परकाच वाटेल. त्यामुळे त्या रात्री तो पुन्हा बंद खोलीत, उशाला चिंगीच्या गालांवर चोळलेला मोजा. तोवर जाळी हटणार नाही.