तुम्ही विचारलंत म्हणून: इमामवाडा रात्री खरंच पाडायचे का?

लखनौ पाहून आलेली आमची इंदूरची मराठी मंडळी भेटली की प्रश्न ठरलेला असतो: ‘बडा इमामवाडा दिवसा बांधायचे आणि रात्री पाडायचे, हे खरं का हो?’ जुन्या इमारतींच्या डागडुजीत माझी हयात गेली, म्हणून तो माझ्याकडे येतो. (इमामवाडा म्हणजे मोहरममध्ये शिया मुसलमान शोकसभा भरवतात ती वास्तू.)

किस्सा असा. संवत १८४० मध्ये, म्हणजे १७८३-८४ साली, उत्तरेत ‘चालीसा’ नावाचा भीषण दुष्काळ पडला. अवधचे नवाब आसफुद्दौला यांनी लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून १७८४ मध्ये इमामवाडा बांधायला घेतला. दिवसा गोरगरीब बांधत. रात्री अंधारात, चेहरा ओळखू येणार नाही अशा बेताने, खानदानी माणसं ते पाडत, म्हणजे त्यांनाही अब्रू राखून मजुरी मिळे. ‘जिसे न दे मौला, उसे दे आसफुद्दौला’ ही म्हण तिकडे आजही ऐकू येते.

नवाबाच्या दानतीबद्दल मला शंका नाही. पण रोज पाडलेल्या कामातून ही इमारत उभी राहिली, हे मला पटत नाही. मधला दिवाणखाना पाहा. लांबी सुमारे ५० मीटर, रुंदी १६, उंची १५. आणि वर तुळई नाही, लाकूड नाही, लोखंड नाही. नुसती कमानदार छत.

ती कशी घातली, हे मात्र फार कमी लोक विचारतात. लखनौच्या त्या काळच्या छतांची पद्धत एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. आधी आतून विटा आणि मातीचा ओबडधोबड साचा रचायचा. आजचे ठेकेदार ज्याला सेंटरिंग म्हणतात, तेच. त्यावर चुन्याच्या जाड्याभरड्या काँक्रीटचा कित्येक फुटांचा थर घालायचा. मग वर्ष-दोन वर्षं थांबायचं. चुना पुरता आवळला की खालचा साचा फोडून विटा-माती बाहेर काढायची. वरची छत एकसंध, जणू एकाच दगडाची.

आता विचार करा, एवढ्या मोठ्या दिवाणखान्याचा साचा रचायला आणि तो फोडून वाहून न्यायला किती हात लागले असतील! बांधणं आणि पाडणं दोन्ही तिथे होतंच, फक्त ते वाया जाणारं नव्हतं. रात्रीच्या पाडापाडीची गोष्ट यातूनच वाढली असावी असा माझा अंदाज आहे. अंदाजच, पुरावा नव्हे.

मी याबद्दल एवढं पोटतिडकीने का बोलतो? कारण ‘दुष्काळी काम’ म्हटलं की आपल्याकडे थातूरमातूर काम असा अर्थ घेतला जातो. बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडलेल्या, पाझर तलावांची माती वाहिलेल्या बायाबापड्यांनाही हेच ऐकावं लागलं. लखनौत वास्तुविशारद किफायतुल्ला होता, मुरलेले गवंडी होते, आणि त्यांच्या हाताखाली भुकेली माणसं होती. ती माणसं उपकारावर जगत नव्हती, इमारत बांधत होती. पाडापाडीचा किस्सा त्यांच्या हातचं श्रेय काढून घेतो, आणि तेच मला खुपतं.

आज हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे. धोका दोन बाजूंनी. एक, भुलभुलैयाच्या, म्हणजे दिवाणखान्याच्या वरच्या गुंतागुंतीच्या वाटांच्या, भिंतींवर नावं कोरणारे पर्यटक. त्या चिंचोळ्या वाटा गंमत म्हणून केलेल्या नाहीत. बांधकामाच्या जाडीत पोकळी राहिल्याने छतावरचं वजन हलकं होतं. दुसरा धोका सिमेंटचा. इमामवाड्याची जुन्या पद्धतीची लाखौरी वीट पातळ आणि नरम असते. तिच्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या की भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, क्षार विटेत साठतात आणि विटेचाच भुगा होतो. चुन्यातून ओल निघून जाते. आपल्या इंदूरच्या राजवाड्याच्या दुरुस्तीत चुना-सुरखी (चुना आणि विटांची भुकटी) वापरली, ती हौस म्हणून नव्हे.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो: अशी कामं इतकी रेंगाळतात का? चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो. आधी तो भिजवून मुरवायचा, चुन्याच्या घाण्यात मळायचा, पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. पावसाळ्यात हात आवरावा लागतो. एखाद्या जुन्या वास्तूभोवती वर्षभर परांची दिसली तर चिडू नका. तिथल्या गवंड्याला एवढंच विचारा की दर्जा कशाने भरताय.