राधानगरीपासून खाली, गळ घेऊन

काश्मीरची लिद्दर हिमनदीच्या पाण्यावर वाहते. तिथं ट्राउट धरायला परवाना काढला की नदीचा ठरावीक पट्टा नेमून देतात. आपल्या कोल्हापूरच्या भोगावती-पंचगंगेत बर्फाचं पाणी नाही, ट्राउटही नाही. पण पट्टे हिचेही वेगवेगळे आहेत आणि ते गळ टाकल्यावरच कळतात. म्हणून मे महिन्यात दादा आणि मी मोटरसायकलवरून राधानगरीपासून खाली निघालो.

धरणाखाली पाणी गार, तळातले गोटे दिसतात. गांडूळ लावलं की बारकी रुपेरी मासळी लगेच ओढ देते. प्रयाग चिखलीला कासारी मिळते आणि तिथून पंचगंगा. पुढं बंधाऱ्यांच्या फुगवट्यात, संथ पाण्यात कणकेच्या गोळीला रोहू लागला. दिवस मजेत गेले.

इचलकरंजीच्या खाली पाणी काळं पडलं. शिरोळकडच्या एका बंधाऱ्यावर मासे तोंडं वर काढून धापा टाकत होते, काही पोटं वर करून तरंगत होते. काठावरच्या म्हाताऱ्या मामांनी आमच्या काठ्या बघितल्या.

"गळ कशाला काढतायसा? मासा आपणच वर आलाय की."

"असं कशानं झालं, मामा?" दादानं विचारलं.

"बरगं घातल्यात, पाणी थांबलंय. वरनं घाण आली की त्येला दम लागतोय. राधानगरीकडनं आलाय न्हवं? पाणी कवा सुटणार, काय कळलं का तिकडं?"

बरगे म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्याच्या गाळ्यांत घालतात त्या फळ्या. अशा साचलेल्या पाण्यात सांडपाणी कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. कटला, रोहू गुदमरतात. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते, म्हणून तीच तग धरते. हे पुस्तकातलं ज्ञान मला होतं, पण हजारो तोंडं एकदम उघडमिट करताना बघून रागानं हात थरथरले. शेतीच्या पाण्याची पाळी ठरते, तशी माशांसाठी पाणी सोडायची पाळी का ठरू नये? आणि प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नदीत येतंच कसं?

मामा जेवायला घरी घेऊन गेले. झुणका, भाकरी, खर्डा. जन्मभर मासे धरलेल्या माणसाच्या घरात चुलीवर मासा नव्हता. मामी दोनदा म्हणाल्या, "पाव्हण्यास्नी ह्यो नदीतला मासा कसा वाढू?" असा पाहुणचार कुठल्या हॉटेलात मिळणार नाही, आणि त्या वाक्याचा त्रास अजून जात नाही.

नरसोबाच्या वाडीला दर्शन घेतलं, कृष्णा-पंचगंगेचा संगम बघितला, परतलो. गळ टाकायचा असेल तर राधानगरीच्या बाजूलाच टाका. पण एकदा उन्हाळ्यात शिरोळकडचा बंधाराही बघून या. नदी तीच आहे.