तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या मेळाव्यात भाषणं का नसतात

"मॅडम, तुमच्या शेतकरी मेळाव्यात भाषणं का नसतात? माणसं कंटाळतात म्हणून?" नाही हो. चांगल्या भाषणाला कुणी कंटाळत नाही, अडचण तीच आहे. टाळ्या पडतात, जेवणं होतात आणि पेरणी मागच्याच पद्धतीने होते.

२०२० च्या खरिपात सोयाबीन किती ठिकाणी उगवलं नाही, ते तुम्हाला काय सांगायचं! घरच्या बियाण्याची उगवण तपासा, हे त्यानंतर आम्ही प्रत्येक स्टेजवरून ओरडून सांगितलं. मग एका मेळाव्यात मी स्टेजच काढलं. गटागटाला गोणपाट, बादलीभर पाणी आणि ज्याचं त्याचं घरचं सोयाबीन. १०० दाणे मोजायचे, दहा-दहाच्या ओळीत ओल्या गोणपाटावर मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी घरी न्यायची, आठवड्याने मोड मोजायचे. ७० च्या खाली आले तर एकरी बियाणं वाढवायचं. एक आजोबा टपोरे दाणेच निवडत होते. शेजारचा म्हणाला, "आबा, पेरताना असंच निवडता काय?" आबांनी सगळे दाणे परत पिशवीत टाकले आणि डोळे मिटून मूठ भरली.

तेवढ्यात अध्यक्ष आले. हार नाही, माईक नाही. "बालवाडी मांडलीय का इथं?" म्हणाले आणि वळले. त्यांच्यामागे निम्मी माणसं उठली, मांडलेल्या ओळींवरून चालत गेली. उरलेल्यांच्या अभिप्रायात 'मार्गदर्शन झाले नाही' असं आलं आणि ऑफिसने माझ्याकडून लेखी खुलासा मागितला.

खुलाशात मी हार्वर्डचा २०१९ चा प्रयोग लिहिला: भौतिकशास्त्राच्या वर्गात स्वतः गणितं सोडवणारी मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असंच त्यांना वाटलं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी तर १९५९ मध्येच प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या. 'आवडलं का' ही पहिली. शिकले का, केलं का, फरक पडला का, या पुढच्या. साहेबांनी वाचून विचारलं, "सत्काराचे फोटो कुठायत?"

सत्काराने काय उगवतं, असं तेव्हा मी तावातावाने म्हणायचे. आता तितकं ठामपणे म्हणवत नाही. सभागृह अध्यक्षांचं, आणि त्यांच्या एका फोनवर गाव येतं. पण माईक दिला की दहा मिनिटांची चाळीस होतात आणि गोणपाटं कोरडीच राहतात, त्याचं काय?

यंदा त्यांना निमंत्रण पाठवलंय. उद्घाटन म्हणून पहिले १०० दाणे त्यांनी मोजायचे. अजून उत्तर आलेलं नाही.