काळ्या मातीची भिंत का फाटते

वावरातली काळी माती भिंतीला वापरू नका. ती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पांढरी माती घ्या, तीही दोन हात खालची, वरची मुळ्या-कचऱ्याची नको.

आधी बाटलीत परीक्षा. तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ, हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, चिकणमाती दुसऱ्या दिवशी वर दिसते. चिकणमातीचा थर खाली बसलेल्या सगळ्या मातीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असला तर बेस. जास्त निघाली तर बारीक मुरूम किंवा वाळू मिसळा. मग गव्हाचं कुटार टाकून पायानं तुडवा, रात्रभर मुरू द्या.

जोतं दगडाचं, निदान दीड फूट. भिंत १८ इंच जाड. दिवसाला दीड फुटाच्या वर चढवू नका, खालचा थर पोट काढतो.

घर टेकाडात खुपसायचं असेल तर मातीला टेकणारी भिंत दगडाचीच हवी. तिच्यामागे फूटभर गिट्टी भरा, तळाशी उताराचा छिद्रांचा पाईप टाका. हा खर्च वाचवला की पहिल्याच पावसाळ्यात ओल आत येते, मागोमाग वाळवी.